रोजकीर्द ते संगणक : वऱ्हाडातील व्यापारी हिशेबाची वाटचाल

व्यापाऱ्याचे खरे भांडवल तिजोरीत नसून त्याच्या पतीत असते आणि त्या पतीचा पुरावा त्याच्या वहीत असतो, असे जुनी पिढी मानत आली. अमरावती आणि अकोला या वऱ्हाडच्या दोन प्रमुख बाजारपेठांचा इतिहास पाहू जाता या म्हणण्याची सत्यता पटते. साधने बदलली; वहीच्या जागी संगणक आला. परंतु ‘लिहिलेले खरे राहील ना?’ हा प्रश्न प्रत्येक साधनाबरोबर नव्याने उभा राहिला. त्या प्रश्नाला व्यापारी समाजाने कसे उत्तर दिले, याचा हा संक्षिप्त आढावा.

तार, बाजार आणि वही

इ. स. १८५३ मध्ये वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांकडे आला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, म्हणजे १८६१ ते १८६५ या वर्षांत, तेथील कापूस विलायतेस जाईनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाला अभूतपूर्व मागणी आली. १८६७ मध्ये भुसावळहून निघालेला लोहमार्ग अकोला, बडनेरा मार्गे नागपूरला पोहोचला. १८७० मध्ये मुंबई समुद्री तारेने विलायतेशी जोडली गेली. पूर्वी लिव्हरपूलचा भाव पत्राने कळण्यास काही आठवडे लागत, तो आता तारेने कळू लागला. मात्र तार अनेकांच्या हातांतून जाते, ती कोणी वाचली तर सौदा फसेल, ही धास्तीही तिच्याबरोबर आली. म्हणून व्यापारी पेढ्या सांकेतिक शब्दांत तारा करीत. निरोपाची गुप्तता ही चिंता संगणकाच्या युगाने निर्माण केली नाही, हे येथे लक्षात घेणे अगत्याचे आहे.

बाजारातील विश्वासाला कायद्याचा आधार मिळाला तोही प्रथम याच भूमीत. १८८६ मध्ये कारंजा येथे देशातील पहिली नियंत्रित बाजारपेठ सुरू झाली आणि १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा स्वतंत्र कायदा झाला. वजनमापे, दलाली आणि तोलाई यांवर देखरेख आली. पुढे इतर प्रांतांनी केलेल्या कायद्यांना वऱ्हाडचा हा अनुभव मार्गदर्शक ठरला.

पेढीच्या आत मात्र राज्य वहीचे होते. दिवसाचा व्यवहार रोजकीर्दीत, तेथून खतावणीत, तेथून तेरजेत आणि अखेरीस ताळेबंदात असा हिशेबाचा प्रवास असे. लिपी घराण्यानुसार मोडी, गुजराती किंवा महाजनी असे. वही शिवलेली असल्याने पान फाडले तर खूण राही. चुकीची नोंद खोडून नाहीशी करावयाची नाही, तर दुसऱ्या नोंदीने दुरुस्त करावयाची, हा मुनीम-दिवाणजींचा दंडक होता. न्यायालयातही नियमितपणे ठेवलेल्या हिशेबवहीला पुरावा म्हणून मान होता. दिवाळीतील वहीपूजनामागे हीच भावना होती.

संगणकाचे आगमन

१९७२ च्या हंगामापासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना लागू झाली आणि खासगी कापूस व्यापार जवळजवळ थांबला. तेव्हा अनेक पेढ्या धान्य, डाळ, तेल, किराणा व कापड या व्यवसायांकडे वळल्या. अकोल्याच्या डाळ मिलांनी दूरवर नाव कमावले. सोयाबीनचा पेरा वाढला तशी त्याची उलाढालही वाढली. मालाचे प्रकार वाढले, विक्रीकराची विवरणे वाढली आणि वहीवरील भार वाढत गेला. त्यातच १ एप्रिल १९८८ पासून आयकरासाठी सर्वांना एप्रिल ते मार्च हेच वर्ष बंधनकारक झाले. दिवाळी ते दिवाळी हिशेब ठेवणाऱ्या पेढ्यांना ही सवय बदलावी लागली. पूजन दिवाळीलाच राहिले, ताळेबंद मात्र मार्चअखेर गेला.

याच सुमारास, १९८६ मध्ये, श्यामसुंदर गोएंका व त्यांचे चिरंजीव भारत गोएंका यांनी बंगळूर येथे पुढे ‘टॅली’ म्हणून प्रसिद्धीस आलेल्या संगणकप्रणालीचा आरंभ केला. श्यामसुंदरजी स्वतः व्यापारी होते. स्वतःच्या धंद्याला उपयोगी पडेल अशी प्रणाली न मिळाल्याने त्यांनी मुलाकरवी ती तयार करून घेतली. संकेतांकांचे पाठांतर न करता खात्याच्या नावानेच नोंद करता येणे, हे तिचे वैशिष्ट्य मुनीमजींनाही रुचण्यासारखे होते.

पुढे दिल्लीहून ‘बिझी’ व ‘मार्ग’ यांसारख्या प्रणाली स्पर्धेत उतरल्या. गावोगावचे संगणकतज्ज्ञही ‘फॉक्सप्रो’मध्ये स्वतंत्र प्रणाली लिहून देऊ लागले. अडत दुकानाची हिशेबपट्टी करावयाची तर अडत, हमाली, तोलाई आणि बाजार समितीचा सेस यांची वजावट हवी. सर्वसाधारण प्रणालीला ती ठाऊक नसे, स्थानिक तज्ज्ञाला असे. परंतु तो तज्ज्ञ गाव सोडून गेला तर दुरुस्ती कोणी करावी, हा प्रश्न राही. शिवाय एका प्रणालीतील नोंदी दुसरीत नेणे सोपे नव्हते. त्यामुळे प्रणालीची निवड म्हणजे अनेक वर्षांची बांधिलकीच होती. सनदी लेखापाल जी प्रणाली वापरतो तीच आपण घ्यावी, हा व्यवहारी विचार यातूनच रूढ झाला आणि ‘टॅली’चे वर्चस्व वाढत गेले. २००६ च्या तिच्या आवृत्तीत मराठीसह अनेक भारतीय भाषा आल्या.

रोखे बाजारातही असेच घडले. राष्ट्रीय शेअर बाजाराने १९९४ मध्ये पडद्यावरील व्यवहार सुरू केले. मुंबई शेअर बाजाराची ‘बोल्ट’ प्रणाली १४ मार्च १९९५ रोजी सुरू झाली. उपग्रहाच्या तबकड्यांमुळे मुंबईचा भाव जिल्ह्याच्या गावी त्याच क्षणी दिसू लागला. २००३ च्या अखेरीस ‘एमसीएक्स’ व ‘एनसीडीईएक्स’ हे शेतमालाच्या वायद्यांचे राष्ट्रीय बाजार निघाले. तारेची वाट पाहणाऱ्या बाजारपेठेसमोर आता एकाहून अधिक पडदे होते.

विषाणूंची धास्ती

नव्या साधनाचे भय प्रथम फ्लॉपीतून आले. १९८६ चा ‘ब्रेन’ हा वैयक्तिक संगणकांवरील पहिला प्रसिद्ध विषाणू लाहोरच्या दोन भावांनी लिहिला होता. दुकानातून करसल्लागाराकडे आणि तेथून पुन्हा दुकानात जाणारी फ्लॉपी हिशेबाबरोबर विषाणूही वाहून नेऊ शके. अनधिकृत प्रतींच्या तबकड्या तर संसर्गाचे मोठे माध्यम ठरल्या.

२६ एप्रिल १९९९ रोजी ‘सीआयएच’ अथवा ‘चेर्नोबिल’ या विषाणूने भारतासह अनेक देशांत संगणक निकामी केले. तो हार्ड डिस्कचा आरंभीचा भाग पुसून टाकी आणि काही संगणक तर सुरूच होत नसत. ही तारीख व्यापाऱ्याच्या दृष्टीने फार वाईट होती. मार्चअखेर संपलेल्या वर्षाचा हिशेब तेव्हा संगणकात असतो आणि लेखापरीक्षण व्हावयाचे असते. ज्याने प्रत काढून ठेवली नव्हती, त्याचे संपूर्ण वर्ष एका सकाळी पुसले जाण्याचा हा प्रसंग होता.

त्यानंतर ई-मेलचा क्रम आला. ४ मे २००० रोजी मनिलाहून निघालेले ‘आय लव्ह यू’ हे पत्र ओळखीच्याच माणसाच्या नावाने येई आणि उघडताच पत्त्यांच्या यादीतील सर्वांना पुढे जाई. २००१ मधील ‘सरकॅम’ अधिक गंभीर होता, कारण तो संगणकातीलच एखादा दस्तऐवज उचलून परस्पर इतरांना पाठवी. एकाचा भाव दुसऱ्याला कळू नये म्हणून सांकेतिक तारा करणाऱ्या व्यवसायावर हा थेट आघात होता. परिचिताच्या नावावर विश्वास ठेवणे हा व्यापाराचा पाया. या विषाणूंनी नेमका त्याच विश्वासाचा गैरफायदा घेतला.

संरक्षण आणि शिस्त

या संकटावरील एक उत्तर महाराष्ट्रातूनच आले. सातारा जिल्ह्यातून आलेल्या, दहावीनंतर शिक्षण सोडून पुण्यात कॅल्क्युलेटर दुरुस्तीचे काम करणाऱ्या कैलास काटकर यांनी मंगळवार पेठेत छोटे दुकान थाटले. संगणकशास्त्र शिकणारे त्यांचे बंधू संजय यांनी दुरुस्तीला येणाऱ्या संगणकांतील विषाणू काढण्यासाठी प्रणाली लिहिली. तीच १९९० च्या दशकाच्या मध्यास ‘क्विक हील’ या नावाने बाजारात आली. फेब्रुवारी २०१६ मध्ये ही कंपनी शेअर बाजारात नोंदली गेली.

कायद्यानेही नव्या वहीला मान्यता दिली. माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० रोजी अमलात आला आणि पुराव्याच्या कायद्यात संगणकीय हिशेबाला स्थान मिळाले. १ जून २००१ पासून आयकर कायद्यातील ‘हिशेबवही’च्या व्याख्येत फ्लॉपी व तबकडीवरील नोंदींच्या छापील प्रतींचा समावेश झाला. म्हणजेच संगणकातील हिशेब गमावणे हे वही गमावण्याइतकेच गंभीर ठरले.

तथापि कोणतीही प्रणाली शिस्तीची जागा घेऊ शकली नाही. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने जगभरातील संगणकांतील माहिती कुलूपबंद करून खंडणी मागितली. तेव्हा वस्तू व सेवा कर सुरू होण्यास दोन महिन्यांहूनही कमी अवधी होता आणि सर्व व्यापार संगणकावर येऊ घातला होता. तेव्हाही उपयोगी पडणारा उपाय जुनाच होता : हिशेबाची दुसरी प्रत, वेगळ्या जागी, नियमाने ठेवलेली. कारंजाच्या ग्रंथभांडारांत शतकांपूर्वीच्या पोथ्या टिकल्या, त्या प्रती करण्याच्या आणि जपण्याच्या परंपरेमुळेच.

जुन्या वहीचा आणखी एक गुण संगणकाला उशिरा लाभला. शिवलेल्या वहीत खाडाखोड दिसे. संगणकात मात्र नोंद पुसल्याचा मागमूसही न राहणे शक्य होते. १ एप्रिल २०२३ पासून कंपन्यांना, नोंदीतील प्रत्येक बदलाची खूण राखणारी प्रणालीच वापरणे बंधनकारक झाले. मुनीमजींचा दंडक अशा रीतीने कायद्याच्या रूपाने परत आला. चूक लपवू नये, ती दुरुस्त करावी आणि दुरुस्तीही दिसू द्यावी, हा तो दंडक होय. वऱ्हाडच्या व्यापाराने दीड शतकात तार, फ्लॉपी आणि ई-मेल पाहिले. या सर्वांतून जी पेढी तरली, ती साधनाच्या नव्हे, तर या दंडकाच्या बळावर, असे म्हटल्यास वावगे ठरू नये.