अंटार्क्टिक क्रिल : प्रसार आणि सागरी प्रवाह

दक्षिण महासागरातील कवचधारी प्राणिप्लवक. शास्त्रीय नाव युफॉशिया सुपर्बा. दिसायला कोकणातील जवळ्यासारखा, पण गण वेगळा (युफॉशियासिया). लांबी सुमारे 6 सेंमी. प्रौढ क्रिल मोठ्या थव्यांनी पोहतो. तरीही त्याचा प्रसार बव्हंशी प्रवाहांवर अवलंबून असतो.

वितरण : अंटार्क्टिकाभोवती सर्वत्र आढळत असला, तरी निम्म्याहून अधिक साठा अंटार्क्टिक द्वीपकल्प ते स्कोशिया समुद्र या नैर्ऋत्य अटलांटिक पट्ट्यात एकवटलेला आहे. परिध्रुवीय प्रवाह येथून पूर्वेकडे वाहतो. त्यातून दर सेकंदाला 13 कोटी घनमीटरांहून अधिक पाणी जाते. किनाऱ्यालगतचा प्रवाह मात्र पश्चिमेकडे जातो आणि वेडेल समुद्रातील पाणी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरते.

जीवनक्रम : मादी उन्हाळ्यात पृष्ठभागाजवळ अंडी घालते. ती पाण्यापेक्षा जड असल्याने बुडत जातात आणि साधारण आठवड्याभरात, बहुधा 700 ते 1,000 मी. खोलीवर फुटतात. उथळ जागी ती तळाला लागतात व तेथील प्राण्यांच्या भक्ष्यस्थानी पडतात. खोल पाणी तुलनेने उबदार असल्याने अंडी लवकर उबतात. पृष्ठभागाचे पाणी उत्तरेकडे सरकत असताना हे खालचे पाणी ध्रुवाकडे सरकते. त्यामुळे वर चढू लागलेले डिंभ खुल्या समुद्रात पांगण्याऐवजी काही अंशी दक्षिणेकडेच राहतात. हिवाळ्यात ते समुद्रबर्फाखालच्या शैवालावर जगतात आणि बर्फासोबत वाहतात.

दक्षिण जॉर्जिया : या बेटाभोवती क्रिल विपुल असतो, पण त्याचे डिंभ क्वचितच सापडतात. येथील साठा द्वीपकल्प व वेडेल समुद्राकडून वाहून येणाऱ्या क्रिलवर टिकून आहे. आवक घटलेल्या वर्षी जेंटू पेंग्विन व फर सील यांची कमी पिल्ले जगतात.

अभ्यास व व्यवस्थापन : ‘डिस्कव्हरी’ संशोधनमोहिमांत (1925–51) क्रिलची पद्धतशीर पाहणी झाली, त्या आधारे जेम्स मार यांचा प्रबंध 1962 मध्ये प्रसिद्ध झाला. अंटार्क्टिक सागरी जीवसंपत्तीच्या संरक्षणाचा करार 1982 मध्ये अमलात आला. त्याची उत्तर सीमा सर्वत्र एकाच अक्षांशावर नाही. थंड अंटार्क्टिक पाणी उत्तरेकडील उबदार पाण्याला भेटते, त्या अभिसरण-रेषेच्या अनुरोधाने ती आखली आहे. एका भागात जन्मलेला क्रिल दुसऱ्या भागात पकडला जात असल्याने मासेमारीची मर्यादा ठरवताना प्रवाहही जमेस धरावे लागतात.