‘ब्रदर’ : एका पदनामाचा आणि एका मार्गाचा इतिहास

मराठी मुलुखात कॅथलिक धर्मसेवकांसाठी ‘फादर’, ‘सिस्टर’ आणि ‘ब्रदर’ ही तीन संबोधने ऐकू येतात. पहिल्या दोहोंच्या अर्थाविषयी सहसा घोटाळा होत नाही. तिसऱ्याची गोष्ट वेगळी आहे. धर्मगुरू होण्यासाठी सेमिनरीत शिकत असलेल्या तरुणास ‘ब्रदर’ म्हणतात, आणि धर्मगुरुपदाची दीक्षा न घेता व्रतस्थ राहून जन्मभर संघात सेवा करणाऱ्या पुरुषासही ‘ब्रदर’च म्हणतात. पहिल्याच्या बाबतीत हे वाटेवरील मुक्कामाचे नाव आहे, तर दुसऱ्याच्या बाबतीत गंतव्यस्थानाचे. एकच शब्द दोन्ही अर्थी योजिला गेल्यामुळे दुसरा मनुष्य म्हणजे अर्ध्यावर थांबलेला पहिलाच, असा समज सहज रूढ होतो. हा समज कितपत साधार आहे, हे ठरविण्यासाठी या पदाचा पूर्वेतिहास पाहणे अवश्य आहे.

सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठासाठी जी नियमावली रचली, तीत ‘फ्रातेर’ म्हणजे बंधू हा शब्द सर्व मठवासीयांना सारखाच लागू होता. त्या काळी बहुसंख्य मठवासी धर्मगुरू नव्हते. प्रवेशेच्छूला आत घेण्याची घाई करू नये, त्याला चार-पाच दिवस दाराशीच तिष्ठत ठेवावे, असा दंडक होता. पुढे वर्षभराच्या उमेदवारीत प्रथम दोन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी आणि शेवटी चार महिन्यांनी, अशी तीन वेळा संपूर्ण नियमावली त्याला वाचून दाखवावयाची, आणि एवढ्यावरही त्याचा निश्चय ढळला नाही तरच त्याला स्वीकारावयाचे. मठवासीयांपैकी कोणी धर्मगुरू झाला, तरी वेदीवरील सेवा वगळता त्याचे स्थान मठप्रवेशाच्या क्रमानेच राही. म्हणजे बंधुत्व हे मूळ पद होते आणि धर्मगुरुपद ही त्यावरील एक जबाबदारी होती.

हा क्रम पुढील शतकांत पालटला. मठवासीयांना धर्मगुरुपदाची दीक्षा देण्याचा प्रघात वाढला, आणि अकराव्या-बाराव्या शतकांत ‘कोन्व्हेर्सी’ नावाचा वेगळा वर्ग पुढे आला. कोन्व्हेर्सुस या लॅटिन शब्दाचा आरंभीचा अर्थ ‘प्रौढपणी मठजीवनाकडे वळलेला’ असा होता. बालपणीच मठाला अर्पण केलेल्या मुलांहून त्याचे वेगळेपण दाखविण्यासाठी तो वापरीत. सिस्टर्शियन संघात तो शेतीभाती, गुरेढोरे आणि कारागिरी पाहणाऱ्या बंधूंचा वाचक झाला. या बंधूंनी ग्रंथ बाळगू नयेत, ठराविक प्रार्थनांपलीकडे काही शिकू नये आणि त्याही मुखोद्गत कराव्यात, असा नियम होता. एकाच मठात लॅटिन जाणणारे आणि न जाणणारे असे दोन थर त्यामुळे पडले. ‘ब्रदर’ या पदाला चिकटलेल्या कनिष्ठत्वाच्या भावनेचे मूळ येथे आहे. ते धर्मतत्त्वापेक्षा अक्षरज्ञानाच्या वाटपात अधिक आहे.

इ. स. १५४० मध्ये मान्यता पावलेल्या येशूसंघाला १५४६ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी साहाय्यक सभासद घेण्याची परवानगी दिली. ऐहिक कामे सांभाळणाऱ्या साहाय्यकांना दोन वर्षांची उमेदवारी, नंतर प्रथम व्रते आणि कित्येक वर्षांच्या सेवेनंतर अंतिम व्रते, असा मार्ग आखून दिला होता. प्रवेशसमयी असलेल्या विद्येहून अधिक विद्येची अपेक्षा त्यांनी धरू नये, अशी तरतूद तेथेही होती. व्यवहारात मात्र ही मर्यादा सर्वत्र टिकली नाही, आणि तिचे उत्तम दाखले गोव्याच्या इतिहासात सापडतात. १५५६ मध्ये गोव्यास मुद्रणयंत्र आले. ते चालविण्याचे काम ब्रदर हुआन दे बुस्तामान्ते या स्पॅनिश बंधूकडे होते. १५७७ मध्ये तमिळ लिपीचे खिळे गोव्यात घडविणारा झुआंव गोन्साल्व्हिस हाही बंधूच होता. १५७८ मध्ये कोल्लम येथे छापलेले तमिळ पुस्तक हे भारतीय लिपीतील मुद्रणाचा आरंभ मानले जाते. अधिक विद्येची अपेक्षा ज्यांनी धरू नये असे ठरले होते, त्यांच्याच हातून भारतात अक्षरे छापली गेली.

बेंतु द गोइश याचे चरित्र याहून बोलके आहे. १५६२ मध्ये आझोर्स बेटांत जन्मलेला हा पोर्तुगीज शिपाई १५८८ मध्ये गोव्यात बंधू म्हणून संघात आला. १५९५ मध्ये जेरोम झेवियर यांच्यासमवेत तो अकबराच्या दरबारी गेला आणि तेथे त्याने फारसी भाषा आत्मसात केली. १६०१ मध्ये अकबराच्या वकिलातीबरोबर तो गोव्यास आला होता. पुढच्याच वर्षी, ‘काथाय’ नावाचा देश आणि चीन हे एकच की भिन्न, याचा खुष्कीच्या मार्गाने शोध घेण्यासाठी तो आग्र्याहून निघाला. आर्मेनियन व्यापाऱ्याचा वेष आणि अब्दुल्ला हे नाव धारण करून, इसाक नावाच्या आर्मेनियन सोबत्यासह तो लाहोर, काबूल, पामीरचे पठार आणि यार्कंद ओलांडून चीनच्या सरहद्दीवरील सुचौ शहरी पोहोचला. पेकिंगहून मात्तेओ रिच्ची यांनी पाठविलेला माणूस त्याला भेटला तो अखेरच्या आजारात. ११ एप्रिल १६०७ रोजी त्याचा अंत झाला. त्याच्या प्रवासाने काथाय म्हणजेच चीन हे सिद्ध केले. ही कामगिरी करणारा मनुष्य अखेरपर्यंत बंधूच राहिला.

बंधुपदाला स्वतंत्र अधिष्ठान मिळाले ते फ्रान्समध्ये. रँस येथील धर्मगुरू झां-बातिस्त द ला साल यांनी सतराव्या शतकाच्या नवव्या दशकात गरीब मुलांसाठी शिक्षकांचा संघ उभारला. आंरी ल’रो या बंधूस धर्मगुरू करावे, असा त्यांचा प्रथम विचार होता. परंतु १६९० मध्ये तो अकाली वारला, आणि या संघात धर्मगुरू असूच नयेत, असा निर्णय ला साल यांनी घेतला. त्यांच्या शाळांत वाचनाचा आरंभ लॅटिनऐवजी फ्रेंचपासून होई, आणि बंधूंनीही लॅटिनचा वापर करावयाचा नव्हता. बाराव्या शतकात लॅटिनचा अभाव ही उणीव होती. येथे लॅटिनचा त्याग हे मुलांच्या बोलीशी इमान राखण्याचे साधन झाले. १७२५ मध्ये या संघास पोपची मान्यता मिळाली. त्याच धर्तीवर आयर्लंडमध्ये एडमंड राइस यांनी १८०२ पासून कार्य उभे केले. मुंबईत बोरिवलीच्या माउंट पॉइन्सूर येथे केंद्र असलेला, पाउलुस मोरिट्झ या जर्मन बंधूने १९०१ मध्ये स्थापन केलेला फ्रान्सिस्कन बंधूंचा संघही या व्यापक परंपरेतला आहे.

आजचा मार्ग १९८३ च्या धर्मसंहितेने निश्चित केला आहे. उमेदवाराचे वय सतरा वर्षे पूर्ण असावे लागते. नवशिष्यत्वाचा काळ किमान बारा महिन्यांचा असतो. त्यानंतर ब्रह्मचर्य, अपरिग्रह आणि आज्ञापालन ही तीन व्रते प्रथम मुदतीने घेतात. ही मुदत तीन वर्षांहून कमी आणि सामान्यतः सहा वर्षांहून अधिक नसते. आजन्म व्रतांसाठी एकवीस वर्षे पूर्ण व्हावी लागतात. उमेदवार धर्मगुरू होऊ इच्छितो की बंधू, यावर या अटी अवलंबून नाहीत. व्रतांचा मार्ग आणि धर्मगुरुपदाचा मार्ग हे दोन भिन्न मार्ग आहेत. काही जण दोन्ही चालतात, काही एकच.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ च्या आदेशात, धर्मगुरुपदाविना व्रतस्थ जीवन हे स्वयंपूर्ण आहे, असे स्पष्ट म्हटले. २०१५ मध्ये रोमहून बंधूंच्या स्वरूपाविषयी आणि कार्याविषयी स्वतंत्र पत्रिका निघाली. १८ मे २०२२ च्या आज्ञापत्रान्वये, विशिष्ट अटींवर, धर्मगुरूंच्या संघातही बंधूस वरिष्ठपदी नेमण्याची मुभा मिळाली. बेनेडिक्टच्या मठातील प्रवेशक्रमाचे तत्त्व अशा रीतीने अंशतः पुनः मान्य झाले.

तात्पर्य, ‘अर्ध्यावर थांबलेला’ हा समज इतिहासाला धरून नाही. त्याला आधार आहे तो केवळ शब्दाच्या दुहेरी वापराचा. पोर्तुगीज ‘पाद्रे’पासून आलेला ‘पाद्री’ मराठीत रुळला. ‘इर्मांव’ हा बंधुवाचक पोर्तुगीज शब्द मात्र तसा रुळला नाही, आणि ती जागा इंग्रजीतील ‘ब्रदर’ने घेतली. मराठी ख्रिस्ती लेखनात ‘धर्मबंधू’ हा शब्द उपलब्ध आहे. तो आजन्म व्रतस्थ बंधूंसाठी राखून ठेवावा आणि सेमिनरीतील विद्यार्थ्यास विद्यार्थीच म्हणावे, एवढे केले तरी पुष्कळ साधेल. ज्याने जन्मभराचा निर्णय विचारपूर्वक घेतला आहे, त्याला ‘फादर केव्हा होणार?’ या प्रश्नाचे उत्तर वारंवार द्यावे लागणे, हा त्या निर्णयावर भाषेने केलेला अन्याय आहे.