रुक्मिणीच्या माहेरची सायकल

कौंडण्यपूरची दोन वाहने सर्वांना ठाऊक आहेत. एक श्रीकृष्णाचा रथ. रुक्मिणी त्यात बसून इथून गेली असे कथा सांगते. दुसरी तिची पालखी, जी दरवर्षी आषाढीसाठी वर्धेच्या काठावरून पायी पंढरपूरला निघते. तिसऱ्या वाहनाचा इतिहास मात्र कुणी लिहिला नाही. ते वाहन म्हणजे सायकल.

जर्मनीत कार्ल ड्राइसने १८१७ साली पायाने रेटायची दुचाकी काढली. १८८५ मध्ये इंग्लंडच्या जॉन स्टार्लीने सारखी दोन चाके आणि मागे साखळी दिली. १८८८ मध्ये डनलॉपने मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला. आपल्याकडे बराच काळ विलायती सायकलींचाच तोरा होता. मग १९५१ साली सोनिपतला ॲटलास आणि १९५६ साली लुधियानाला हिरो निघाली, तेव्हा कुठे ती खेड्यात पोचली.

आमच्या घरी ती मोठ्या भावाच्या हुंड्यात आली, घड्याळ आणि रेडिओसोबत. दांड्याखालून पाय घालून मी कैची शिकलो. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल मडगार्डात असा गच्च बसे, की चाकच फिरेना. मग सायकल खांद्यावर! तरी त्याच सायकलने मी लांबच्या हायस्कुलात जाऊन मॅट्रिक झालो. माझी धाकटी बहीण माझ्याहून हुशार. ती सातवीनंतर घरी बसली. फीचा प्रश्न नव्हता, अंतराचा होता. आणि पोरीने सायकलवर बसणे आजीला पसंत नव्हते. तेव्हा मीही गप्पच राहिलो.

हॉलंडमध्ये मोटारींखाली मुले मरत होती, म्हणून आईबाप रस्त्यावर उतरले. त्यातच १९७३ची तेलटंचाई आली, काही रविवार मोटारी बंद राहिल्या. पुढे तिथे सायकलींना वेगळे रस्ते मिळाले. आपल्याकडे फटफटी आली आणि सायकल गरिबीची खूण ठरली. संयुक्त राष्ट्रसंघाने २०१८ साली ३ जून हा जागतिक सायकल दिन ठरवला. २०२० मध्ये नेमक्या त्याच दिवशी ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना बंद पडला.

महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून मागास तालुक्यांतल्या आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळू लागल्या, ही त्यातली बरी गोष्ट.

मागच्या कार्तिकात बहिणीला घेऊन कौंडण्यपूरला गेलो होतो. वाटेत एक शाळा सुटली. चार मुली घंट्या वाजवीत आमच्या पुढून गेल्या. बहीण त्या दिसेनाशा होईपर्यंत पाहत राहिली. मग म्हणाली, "भाऊ, मलेबी चालवता आली असती."