तीस जागा, मग पंचवीस

स्केलेटन म्हणजे छोट्याशा स्लेडवर पालथं पडून, डोकं पुढे ठेवून बर्फाच्या घसरगुंडीवरून सुसाट सुटणं. ऑलिम्पिकचं तिकीट मिळतं क्रमवारीच्या गुणांवर. गुणांसाठी शर्यती हव्यात, शर्यतींसाठी ट्रॅक. आणि आफ्रिकेत तसा ट्रॅक एकही नाही.

२०१८ला प्योंगचांगमध्ये पुरुषांच्या ३० जागा होत्या, बायकांच्या २०. शिवाय खंडनिहाय कोटा. त्यातूनच घानाचा अक्वासी फ्रिम्पाँग पोचला. तिसावा, म्हणजे शेवटचा आला, तरी पठ्ठ्या नाचला!

२०२२च्या बीजिंगसाठी दोघांनाही २५-२५ जागा झाल्या. हे रास्तच. पण खंडांचा कोटाही गेला, तो का जावा? आता फ्रिम्पाँगला गुण हवे होते. शेवटच्या पात्रता शर्यतींच्या तोंडावर त्याची कोविड चाचणी पॉझिटिव्ह आली. बीजिंग हुकलं.