ब्रिटनमधील युरोपविषयक सार्वमते (१९७५ व २०१६) : संसदेचे सार्वभौमत्व आणि जनतेचा कौल

प्रस्तावना

दुसऱ्या महायुद्धानंतर पश्चिम युरोपातील राष्ट्रांनी परस्परांतील वैर संपवून आर्थिक सहकार्याचा मार्ग स्वीकारला. १९५१ च्या पॅरिस तहाने कोळसा व पोलाद समुदाय अस्तित्वात आला आणि १९५७ च्या रोम तहाने फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स व लक्झेंबर्ग या सहा राष्ट्रांचा युरोपीय आर्थिक समुदाय स्थापन झाला. ब्रिटन या समुदायात १९७३ मध्ये दाखल झाला, १९७५ मध्ये त्याने सार्वमताद्वारे तेथे राहण्याचा निर्णय घेतला, २०१६ मध्ये दुसऱ्या सार्वमताद्वारे बाहेर पडण्याचा कौल दिला आणि ३१ जानेवारी २०२० रोजी तो युरोपीय संघातून प्रत्यक्ष बाहेर पडला. एकाच राष्ट्राने एकाच प्रश्नावर ४१ वर्षांच्या अंतराने दोन परस्परविरोधी निर्णय दिले, ही घटना इतिहासाच्या व राज्यशास्त्राच्या अभ्यासकांना विचार करावयास लावणारी आहे.

या विषयाची चर्चा बहुधा व्यापार, स्थलांतर व रोजगार या मुद्द्यांभोवती फिरते. हे मुद्दे महत्त्वाचे आहेतच. तथापि त्यांच्या मुळाशी अधिक जुना प्रश्न होता. राज्यातील अंतिम सत्ता कोणाची, संसदेची, जनतेची की तहाने निर्माण झालेल्या राष्ट्रातीत संस्थेची? प्रस्तुत निबंधात या प्रश्नाच्या अनुषंगाने दोन्ही सार्वमतांचा तुलनात्मक विचार केला आहे.

प्रवेशापूर्वीचा वाद

रोम तहाच्या वेळी ब्रिटन अलिप्त राहिला. साम्राज्याचे रूपांतर राष्ट्रकुलात होत होते, अमेरिकेशी निकटचे संबंध होते आणि युरोपातील प्रयोग यशस्वी होईल असा विश्वास लंडनच्या राज्यकर्त्यांना नव्हता. १९६० मध्ये ब्रिटनने युरोपीय मुक्त व्यापार संघटनेच्या रूपाने एक पर्यायही उभा केला. परंतु सहा राष्ट्रांची आर्थिक प्रगती वेगाने होऊ लागली, तेव्हा १९६१ मध्ये हॅरॉल्ड मॅकमिलन यांच्या हुजूर पक्षाच्या सरकारने प्रवेशासाठी अर्ज केला. फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी जानेवारी १९६३ मध्ये तो फेटाळला. १९६७ मध्ये हॅरॉल्ड विल्सन यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने केलेल्या अर्जाचीही तीच गत झाली.

या टप्प्यावर भारताचाही या वादाशी प्रत्यक्ष संबंध आला. १९३२ च्या ओटावा करारापासून साम्राज्यांतर्गत व्यापाराला जकातीत सवलत मिळत असे. ब्रिटनने समुदायाची सामायिक जकात स्वीकारली तर चहा, सुती कापड यांसारख्या भारतीय निर्यातीला ब्रिटिश बाजारपेठेत असलेले स्थान धोक्यात येणार होते. सप्टेंबर १९६२ मध्ये लंडन येथे भरलेल्या राष्ट्रकुल पंतप्रधानांच्या परिषदेत हा विषय अग्रस्थानी होता आणि पंडित नेहरूंसह अनेक नेत्यांनी चिंता व्यक्त केली. त्याच वर्षी मजूर पक्षाचे नेते ह्यू गेट्स्केल यांनी पक्षाच्या अधिवेशनात प्रवेशाविरुद्ध भूमिका मांडताना ब्रिटनचा हजार वर्षांचा इतिहास संपुष्टात येईल असा इशारा दिला आणि राष्ट्रकुलाशी असलेल्या बांधिलकीचा उल्लेख केला. म्हणजेच युरोपविरोधाची भाषा प्रथमतः प्रभावीपणे घडविणाऱ्यांत डाव्या पक्षाचा वाटा मोठा होता, हे ध्यानात घेणे आवश्यक आहे.

१९७२ चा कायदा व त्याचा अर्थ

द गॉल १९६९ मध्ये पायउतार झाल्यावर मार्ग मोकळा झाला. पंतप्रधान एडवर्ड हीथ यांनी वाटाघाटी पूर्ण केल्या. २८ ऑक्टोबर १९७१ रोजी कॉमन्स सभागृहाने प्रवेशास तत्त्वतः ३५६ विरुद्ध २४४ मतांनी संमती दिली. रॉय जेंकिन्स यांच्या नेतृत्वाखाली मजूर पक्षाच्या ६९ सदस्यांनी पक्षादेश झुगारून सरकारच्या बाजूने मत दिले. पुढील युरोपीय समुदाय विधेयकाचे दुसरे वाचन मात्र फेब्रुवारी १९७२ मध्ये अवघ्या आठ मतांच्या आधिक्याने संमत झाले.

या कायद्याचे स्वरूप असाधारण होते. ब्रिटनला एकत्रित लिखित संविधान नाही. संसद कोणताही कायदा करू शकते वा रद्द करू शकते आणि तिच्या कायद्यावर अन्य कोणाचाही अधिकार चालत नाही, हे डायसी यांनी मांडलेले तत्त्व तेथील राज्यव्यवस्थेचा पाया मानले जाते. समुदायाच्या न्यायालयाने मात्र १९६४ च्या कोस्टा खटल्यात समुदायाचा कायदा सदस्य राष्ट्राच्या कायद्यापेक्षा श्रेष्ठ असल्याचे स्पष्ट केले होते. १९७२ च्या कायद्याने समुदायाच्या कायद्याला ब्रिटनमध्ये थेट प्रवेश दिला. या दोन तत्त्वांचा मेळ कसा बसणार, हा प्रश्न त्या वेळी पुरेशा स्पष्टतेने जनतेपुढे मांडला गेला नाही. १९९० च्या सुमारास फॅक्टरटेम प्रकरणात ब्रिटिश न्यायालयाने समुदायाच्या कायद्याशी विसंगत असलेल्या संसदीय कायद्याचा अंमल रोखला, तेव्हा कुठे त्याची व्याप्ती सर्वांच्या लक्षात आली.

१९७५ चे सार्वमत

सार्वमताची कल्पना मजूर पक्षातील टोनी बेन यांनी १९७० मध्ये मांडली, तेव्हा तिला फारसा पाठिंबा नव्हता. पण युरोपच्या प्रश्नावर पक्ष दुभंगू लागला आणि सार्वमत हा पक्ष एकसंध ठेवण्याचा उपाय ठरला. पक्षाने ही कल्पना स्वीकारताच १९७२ मध्ये रॉय जेंकिन्स यांनी उपनेतेपदाचा राजीनामा दिला. १९७४ मध्ये सत्तेवर आलेल्या विल्सन यांनी प्रवेशाच्या अटींची फेरवाटाघाट केली. अर्थसंकल्पातील वाटा व न्यूझीलंडचे लोणी यांसारख्या मुद्द्यांवर काही सवलती मिळाल्या, परंतु मूळ तहात बदल झाला नाही. मंत्रिमंडळात १६ विरुद्ध ७ अशी फूट पडली. तेव्हा मंत्र्यांना परस्परविरोधी प्रचाराची मुभा देण्यात आली. मजूर पक्षाच्या विशेष अधिवेशनाने तर स्वतःच्याच सरकारच्या शिफारशीविरुद्ध कौल दिला.

हुजूर पक्षाच्या नवनिर्वाचित नेत्या मार्गारेट थॅचर समुदायात राहण्याच्या बाजूने होत्या. परंतु सार्वमत हे हुकूमशहांचे व लोकानुनय करणाऱ्यांचे साधन आहे, या क्लेमंट ॲटली यांच्या मताचा आधार घेऊन त्यांनी संसदेत त्या पद्धतीलाच विरोध केला. विरोधी बाजूस टोनी बेन, मायकेल फूट, बार्बरा कॅसल, पीटर शोअर हे डावे नेते आणि इनॉक पॉवेल यांच्यासारखे उजवे नेते एकत्र आले होते.

५ जून १९७५ रोजी मतदान झाले. ६७.२ टक्के मतदारांनी राहण्याच्या बाजूने कौल दिला. शेटलंड व वेस्टर्न आइल्स हे दोनच विभाग विरोधात गेले. तेलसंकट, २० टक्क्यांहून अधिक महागाई आणि साखरेची टंचाई या पार्श्वभूमीवर अस्थिर जगात आधार म्हणून मतदारांनी समुदायाकडे पाहिले. जागतिक बाजारातील अन्नधान्याचे भाव चढलेले असल्याने समुदायात गेल्यास अन्न महागेल हा विरोधकांचा मुद्दाही बोथट झाला होता.

तथापि हा निर्विवाद विजय प्रश्न सोडवू शकला नाही. सरकारने घरोघरी पाठविलेल्या पुस्तिकेत महत्त्वाच्या बाबतीत ब्रिटनचा नकाराधिकार अबाधित असल्याचे आणि आर्थिक व चलनविषयक एकीकरणाचा धोका टळल्याचे सांगितले होते. पुढे १९८६ च्या एकल युरोपीय कायद्याने अनेक विषयांत बहुमताने निर्णय घेण्याची पद्धत आणली आणि १९९२ च्या मास्ट्रिख्ट तहाने समान चलनाचा कार्यक्रम निश्चित केला. सामायिक बाजारपेठेसाठी मत दिल्याचे समजणाऱ्या मतदारांपुढे काही वर्षांनी राजकीय संघ उभा राहिला. आपली फसवणूक झाली ही भावना येथूनच बळावली.

भूमिकांची अदलाबदल

१९७५ ते २०१६ या काळातील सर्वांत लक्षणीय घटना म्हणजे दोन प्रमुख पक्षांच्या भूमिकांची अदलाबदल होय. मजूर पक्षाने १९८३ च्या जाहीरनाम्यात समुदायातून बाहेर पडण्याचे आश्वासन दिले होते. दशकाच्या अखेरीस कामगारांच्या हक्कांना युरोपकडून संरक्षण मिळेल या आशेने तो युरोपाभिमुख झाला. याउलट, १९८६ च्या कायद्यास संमती देणाऱ्या थॅचर यांनी सप्टेंबर १९८८ मध्ये ब्रूज येथील भाषणात राष्ट्रातीत सत्तेविरुद्ध इशारा दिला आणि हुजूर पक्षातील विरोधाला वैचारिक अधिष्ठान लाभले. १६ सप्टेंबर १९९२ रोजी पौंडाला युरोपीय विनिमय दर यंत्रणेतून बाहेर पडावे लागले. त्यामुळे चलन एकीकरणाविषयीचा अविश्वास वाढला. २००४ मध्ये दहा राष्ट्रे संघात आल्यावर ब्रिटन, आयर्लंड व स्वीडन यांनी आपली श्रमबाजारपेठ त्यांतील पूर्व युरोपीय राष्ट्रांच्या नागरिकांसाठी तत्काळ खुली केली आणि स्थलांतराचा प्रश्न या वादाशी जोडला गेला.

२०१६ चे सार्वमत व त्यानंतर

पंतप्रधान डेव्हिड कॅमेरॉन यांनी जानेवारी २०१३ मध्ये सार्वमताचे आश्वासन दिले. विल्सन यांच्याप्रमाणेच त्यांच्याही निर्णयामागे पक्षांतर्गत फूट होती. त्यांनीही फेरवाटाघाट केली आणि मंत्र्यांना प्रचाराची मुभा दिली. परंतु या वेळी निकाल विरुद्ध लागला. २३ जून २०१६ रोजी ७२.२ टक्के मतदान होऊन ५१.९ टक्के मतदारांनी बाहेर पडण्याच्या बाजूने कौल दिला. इंग्लंड व वेल्स एका बाजूस, तर स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड दुसऱ्या बाजूस राहिले. १९७५ मध्ये समुदायाविषयी सर्वाधिक उत्साह इंग्लंडने दाखविला होता आणि स्कॉटलंड व उत्तर आयर्लंड तुलनेने साशंक होते. चार दशकांनंतर हे चित्र नेमके उलटले.

सार्वमतानंतर मूळ प्रश्न पुन्हा उघडा पडला. संसदेची सत्ता परत मिळविणे हे बाहेर पडू इच्छिणाऱ्यांचे प्रमुख आवाहन होते. परंतु बाहेर पडण्याची सूचना देण्यासाठी संसदेची संमती आवश्यक आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये ८ विरुद्ध ३ मतांनी दिला, तेव्हा त्याच गटातील अनेकांनी हा जनतेच्या कौलाचा अवमान मानला. पंतप्रधान थेरेसा मे यांचा करार १५ जानेवारी २०१९ रोजी ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला गेला. सप्टेंबर २०१९ मध्ये संसद दीर्घकाळ तहकूब ठेवण्याचा बोरिस जॉन्सन सरकारचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने एकमताने अवैध ठरविला. अखेर डिसेंबर २०१९ च्या निवडणुकीत जॉन्सन यांना बहुमत मिळाले आणि हा पेच सुटला. म्हणजे सार्वमताने उभा केलेला पेच संसदीय निवडणुकीनेच सोडविला, हे विसरता येत नाही.

या पेचाचे कारण प्रश्नाच्या रचनेत होते. राहण्याचा अर्थ एकच होता, बाहेर पडण्याचे अर्थ अनेक होते. एकल बाजारपेठेत राहावयाचे की नाही, जकात संघ ठेवावयाचा की नाही, आयर्लंडच्या सीमेचे काय करावयाचे, यांपैकी कोणत्याही प्रश्नाचे उत्तर मतपत्रिकेवर नव्हते. याच्याशी ग्रीनलंडची तुलना उद्बोधक ठरते. डेन्मार्कबरोबर समुदायात गेलेल्या ग्रीनलंडने १९८२ च्या सार्वमतानंतर १९८५ मध्ये समुदाय सोडला. तेथे वाद मुख्यतः मासेमारीच्या हक्कापुरता होता, म्हणून तोडगाही मर्यादित वाटाघाटींतून निघाला.

या निर्णयाचे पडसाद दूरवर उमटले. पोर्तुगालच्या नागरिकत्व कायद्याचा लाभ घेऊन अनेक गोमंतकीय पोर्तुगीज पारपत्रावर ब्रिटनमध्ये गेले होते. स्विंडनसारख्या शहरात त्यांची मोठी वस्ती आहे. भारतीय वंशाचे असूनही ते तेथे युरोपीय नागरिक म्हणून राहत होते. संक्रमणकाळ ३१ डिसेंबर २०२० रोजी संपल्यावर हा मार्ग नव्याने जाणाऱ्यांसाठी बंद झाला आणि आधीपासून राहणाऱ्यांना निवासहक्कासाठी अर्ज करावे लागले. दुसरीकडे, स्वतंत्र व्यापारधोरणाचा अधिकार परत मिळालेल्या ब्रिटनने २४ जुलै २०२५ रोजी भारताशी सर्वंकष व्यापार करार केला. ज्या वादात १९६२ साली भारत राष्ट्रकुलातील सवलतींसाठी चिंतित होता, त्याच वादाच्या अखेरीस तो समान वाटाघाटकार म्हणून उभा राहिला.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. दोन्ही सार्वमते पक्षांतर्गत फूट सांधण्यासाठी घेतली गेली. पक्षाच्या सोयीसाठी वापरलेल्या साधनाने राष्ट्राच्या संविधानिक व्यवस्थेवर दूरगामी परिणाम केला.

२. युरोपला विरोध हा मूलतः उजव्या विचारांचा नव्हता. आर्थिक व राजकीय परिस्थितीनुसार तो एका पक्षाकडून दुसऱ्या पक्षाकडे गेला.

३. १९७५ मध्ये सार्वभौमत्वाचा प्रश्न आर्थिक लाभाच्या चर्चेखाली झाकला गेला. जो प्रश्न स्पष्टपणे विचारला जात नाही, त्याचे उत्तरही टिकत नाही, हे २०१६ ने दाखविले.

४. संसदेचे सार्वभौमत्व व जनतेचे सार्वभौमत्व ही दोन तत्त्वे एकमेकांस पूरक असली तरी एकरूप नाहीत. संसदेच्या रक्षणासाठी जनतेकडे दाद मागणाऱ्यांना अखेरीस संसदेच्याच विरोधात उभे राहावे लागले.

सार्वमत हे लोकशाहीचे शुद्ध रूप आहे असा समज सर्वत्र आढळतो. ब्रिटनचा अनुभव त्याला मर्यादा घालतो. जनता दिशा सांगू शकते, परंतु त्या दिशेने जाणारा रस्ता आखण्याचे काम प्रतिनिधींनाच करावे लागते आणि त्या कामातील मतभेद एका दिवसाच्या मतदानाने मिटत नाहीत. संघात राहणे वा सोडणे यांपैकी कोणता निर्णय योग्य होता, याविषयी इतिहासकारांत दीर्घकाळ मतभेद राहतील. मात्र निर्णय घेण्यापूर्वी त्याचा अर्थ जनतेपुढे पूर्णपणे मांडण्याचे उत्तरदायित्व राज्यकर्त्यांनी दोन्ही वेळा पुरेसे पार पाडले नाही, ही बाब या दोन सार्वमतांच्या इतिहासातून स्पष्ट होते.