पॅरिसमधलं स्वस्त हॉटेल : कुटुंबासह तीन-चार दिवस राहायचं तर काय माहीत हवं

पॅरिसला जायचं ठरलं की व्हिसा आणि विमानाच्या तिकिटानंतर सगळ्यात मोठा खर्च हॉटेलचा. तिकिटाच्या दरात फारसं काही आपल्या हातात नसतं, म्हणून बचत करायची ती हॉटेलमध्ये असा विचार होतो. मोबाइलवर सगळ्यात कमी दराची रूम बघून बुकिंग होतं. तिथं पोहोचल्यावर कळतं की सामान ठेवल्यावर मुसल्ला पसरायला जागा नाही, संडासात पाणी वापरायची सोय नाही आणि नाश्त्याच्या टेबलावर डुकराचं मांस आहे.

यात हॉटेलने फसवलेलं नसतं. स्वस्त हॉटेल काही गोष्टी वगळतं, म्हणूनच ते स्वस्त असतं. काय वगळलेलं आहे हे आधी समजलं तर तीच रूम कुटुंबाला पुरते आणि नमाज, वुजू, हलाल खाणं यातलं काहीच सुटत नाही.

रूम केवढी असते

फ्रान्समध्ये हॉटेलांना एक ते पाच स्टार दिले जातात. दाराजवळ लाल पाटीवर ते दिसतात. पॅरिसच्या एक-दोन स्टार हॉटेलात डबल रूम ९ ते १२ चौरस मीटरची असणं नेहमीचंच, म्हणजे साधारण १०० ते १३० चौरस फूट. एक डबल बेड, भिंतीला लावलेलं छोटं टेबल, शॉवर आणि कमोड. कपाटाऐवजी बऱ्याचदा खुंट्या आणि हँगर असतात.

जुन्या इमारतीत लिफ्ट नसू शकते, किंवा इतकी लहान असते की दोन माणसं आणि एक बॅग कशीबशी मावतात. आई-वडील बरोबर असतील तर लिफ्ट आहे का, रूम कितव्या मजल्यावर आहे, हे बुकिंगच्या आधीच विचारा. एसी सगळीकडे नसतो आणि पंखा तर क्वचितच. जुलै-ऑगस्टच्या उन्हाळ्यात हा मुद्दा छोटा नाही. इलेक्ट्रिक किटली, टूथब्रश, चपला हेही धरून चालू नका. काही अगदी स्वस्त हॉटेलांत स्नानगृह कॉमन असतं. बायका-मुलं बरोबर असतील तर ‘प्रायव्हेट बाथरूम’ हे शब्द वाचल्याशिवाय पैसे भरू नका.

पत्ता कसा वाचायचा

पॅरिस शहराचे २० विभाग आहेत. मध्यापासून सुरू होऊन ते गोगलगायीच्या शंखासारखे गोल फिरत बाहेर जातात. पिनकोडचे शेवटचे दोन आकडे म्हणजे विभागाचा नंबर. ७५००५ म्हणजे पाचवा विभाग, ७५०१८ म्हणजे अठरावा. कोड ७५ ने सुरू होत नसेल तर ते हॉटेल शहराच्या हद्दीबाहेर आहे. ९२, ९३, ९४, ९५ ही आसपासच्या उपनगरांची सुरुवात. ‘पॅरिस’ नावाखाली दिसणारं एखादं हॉटेल प्रत्यक्षात शहरापासून २५ किलोमीटरवर, विमानतळाजवळच्या र्‍वासी भागात निघू शकतं.

उपनगरात राहणं चुकीचं नाही. मेट्रो किंवा आरईआर स्टेशन चालत दहा मिनिटांत असेल तर चालतं. पण चार माणसांचा रोजचा येण्या-जाण्याचा खर्च धरून हिशेब करा. रूममध्ये वाचलेले पैसे तिकिटात जाऊ शकतात.

माणसं जेवढी, तेवढीच लिहा

आपल्याकडे दोन जणांच्या रूममध्ये दोन मुलांना सामावून घेणं ही सवयीची गोष्ट. तिथं ते चालत नाही. रूममध्ये किती माणसं राहू शकतात हे ठरलेलं असतं आणि आगीच्या नियमांचाही त्यात भाग असतो. शिवाय फ्रान्समध्ये परदेशी पाहुण्यांकडून हॉटेल पोलिसांसाठीचा एक फॉर्म भरून घेतं. १५ वर्षांखालील मुलांची नावं आई-वडिलांच्या फॉर्मवर येतात. म्हणजे माणसं लपवून काही साधत नाही. रात्री अकरा वाजता काउंटरवर दुसरी रूम घ्यायची वेळ येते, आणि तेव्हाचा दर सकाळच्या दरापेक्षा जास्त असतो.

बजेट हॉटेलांत बऱ्याचदा डबल बेडच्या वर एक आडवा बंक बेड असतो. तिसरं माणूस तिथं झोपतं. फ्रान्समध्ये असा वरचा बेड ६ वर्षांखालील मुलांसाठी चालत नाही, तशी सूचना बेडवरच लिहिलेली असते. मूल लहान असेल तर पाळणा मिळेल का ते विचारा.

चार किंवा जास्त माणसं आणि तीन रात्री असतील तर ॲपार्टहोटेलचाही दर काढून बघा. त्यात छोटं किचन, फ्रिज, भांडी असतात. दोन रूमचं भाडं आणि बाहेरचं जेवण यांची बेरीज केली तर कधी कधी ॲपार्टहोटेलच स्वस्त पडतं.

व्हिसासाठी हॉटेलच्या बुकिंगचा कागद लागतो. काही एजंट ‘डमी बुकिंग’ देतो म्हणतात. या वाटेला जाऊ नका. वकिलात हॉटेलकडे चौकशी करू शकते आणि खोटा कागद निघाला तर अर्ज नाकारला जातो. त्याची नोंद पुढच्या अर्जालाही आडवी येते. त्यापेक्षा मोफत रद्द करता येईल असं खरं बुकिंग करा. शेंगेन व्हिसाची फी जून २०२४ पासून मोठ्यांना ९० युरो आणि ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ४५ युरो आहे. अर्ज नाकारला तरी ती परत मिळत नाही. किमान ३०,००० युरोचा प्रवास विमाही लागतो.

ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या कोकणी कुटुंबांसाठी गोष्ट सोपी आहे. लंडनहून युरोस्टार रेल्वे सव्वादोन तासांच्या आसपास गार द्यु नॉर स्टेशनवर आणून सोडते. पण ब्रिटिश पासपोर्ट नसेल तर त्यांनाही शेंगेन व्हिसा लागतो, हे तिकीट काढण्याआधी लक्षात असू द्या.

दरात न दिसणारे खर्च

पहिला खर्च सिटी टॅक्सचा. तो प्रत्येक माणसामागे, प्रत्येक रात्रीचा असतो आणि बऱ्याचदा हॉटेलवरच भरावा लागतो. २०२४ मध्ये पॅरिसने तो बराच वाढवला. १८ वर्षांखालील मुलांना तो माफ आहे. बिलात मुलांचा धरला असेल तर नम्रपणे दाखवून द्या.

दुसरा विमानतळाचा. २०२५ मध्ये शार्ल द गोल विमानतळ ते शहर हे रेल्वेचं एक तिकीट १३ युरो होतं, म्हणजे चार मोठ्या माणसांचे ५२. त्याच वर्षी अधिकृत टॅक्सीचा ठरलेला दर सेन नदीच्या उत्तरेकडच्या भागासाठी ५६ आणि दक्षिणेकडच्या भागासाठी ६५ युरो होता. हा दर चार प्रवाशांपर्यंत गाडीचा असतो, माणसामागे नाही. म्हणजे चार जणांचं कुटुंब सामानासह टॅक्सीने जवळपास त्याच पैशांत हॉटेलच्या दारात पोहोचतं. दर बदलत राहतात, निघताना चालू दर पाहून घ्या. टर्मिनलच्या आत येऊन ‘टॅक्सी?’ विचारणाऱ्यांबरोबर जाऊ नका, बाहेरच्या रांगेतलीच टॅक्सी घ्या.

तिसरा वेळेचा. मुंबईहून येणारी विमानं अनेकदा सकाळी उतरतात आणि रूम दुपारी दोन-तीननंतरच मिळते. सामान काउंटरवर ठेवता येतं का, त्याचे पैसे पडतात का, हे ईमेलने आधीच विचारा.

वुजू आणि पाणी

बजेट हॉटेलच्या संडासात जेट नसतो. घडी होणारा सिलिकॉनचा लोटा किंवा दाबून पाणी सोडायची बाटली बॅगेत ठेवा. अगदी नसलीच तर पाण्याची रिकामी बाटलीही चालते.

मात्र एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा. तिथल्या बाथरूमची फरशी कोरडी ठेवायची असते. शॉवरच्या चौकटीबाहेर पाणी जायला बहुधा जाळी नसते. फरशीवर पाणी सांडलं तर ते खालच्या रूमच्या छतात उतरतं आणि नुकसानीचे पैसे मागितले जाऊ शकतात. म्हणून पाय बेसिनमध्ये न धुता शॉवरमध्ये उभं राहून धुवा आणि फरशी टॉवेलने पुसा. दिवसभर बाहेर असताना चामडी मोजे म्हणजे खुफ्फैन फार उपयोगी पडतात. मुसाफिराला त्यांवर तीन दिवस-रात्र मसह करण्याची सवलत आहे.

पॅरिसच्या नळाचं पाणी पिण्यायोग्य आहे, विकत घ्यायची गरज नाही. १८७२ पासून बसवलेले हिरवे ‘वॉलेस’ कारंजे शहरभर दिसतात, तिथं बाटली भरता येते. थंडीच्या दिवसांत मात्र ते बंद असतात. रस्त्यावरचे स्वयंचलित शौचालय मोफत असतात.

नमाज आणि किबला

महाराष्ट्रात आपल्याला पश्चिमेकडे तोंड करायची सवय. पॅरिसमध्ये किबला आग्नेय दिशेला आहे, होकायंत्रावर उत्तरेपासून सुमारे ११९ अंश. रूममध्ये शिरल्यावर पहिल्यांदा दिशा बघा आणि बॅगा त्या हिशेबाने ठेवा. एका वेळी एकानेच नमाज पढायची, असं बऱ्याच रूममध्ये करावं लागतं.

वेळांचा फरक मोठा आहे. जूनमध्ये सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि इशा मध्यरात्रीच्या आसपास येते. डिसेंबरमध्ये मगरिब पाचच्या आसपास, म्हणजे जुहर, असर आणि मगरिब साधारण चार तासांत. त्या दिवसांत दुपारी रूमवर परतता येईल असं मध्यवर्ती हॉटेल जास्त सोयीचं. उन्हाळ्यात थोडं लांबचं हॉटेलही चालतं.

मुसाफिराच्या कसर नमाजची सवलत इथं कामी येते. पण किती दिवसांच्या मुक्कामापर्यंत कसर, आणि दोन नमाज एकत्र करता येतात का, यात शाफई आणि हनफी मसलकांत फरक आहे. आपल्या कोकणातली बहुतेक कुटुंबं शाफई, तर देशावरची बहुतेक हनफी. निघण्यापूर्वी आपल्या इमाम साहेबांना विचारून घ्या.

पाचव्या विभागातली पॅरिसची मोठी मशीद १५ जुलै १९२६ रोजी खुली झाली. पहिल्या महायुद्धात फ्रान्ससाठी जीव दिलेल्या मुस्लिम सैनिकांची ती आठवण आहे. तिचा मिनार ३३ मीटर उंच आहे. सातव्या क्रमांकाच्या मेट्रोचं प्लास माँज हे स्टेशन जवळ पडतं. शुक्रवारी ती पर्यटकांना बंद असते, नमाजींना नाही. रस्त्यावर मुसल्ला पसरू नका. पॅरिसमध्ये २०११ पासून रस्त्यावर नमाज पढायला मनाई आहे.

खाणं

बजेट हॉटेलचा नाश्ता साधारणपणे थंड असतो : पाव, लोणी, जॅम, दही, चीज, ज्यूस, कॉफी आणि बाजूला हॅमचे काप. एकच चिमटा सगळीकडे फिरत असेल तर आपण पाव सर्वांत आधी घ्यावा किंवा नाश्त्याशिवायचा दर घेऊन बाहेरच्या बेकरीत खावं. चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट असू शकतं. ज्यांना ते टाळायचं असेल त्यांनी दही-जॅमवर भागवावं.

काही शब्द कानाला ओळखीचे करा : ‘पोर’ म्हणजे डुक्कर, ‘जाँबों’ म्हणजे हॅम, ‘लार्दों’ म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे, ‘सँदू’ म्हणजे डुकराची चरबी, ‘व्हँ’ म्हणजे वाइन. क्रोक मस्यू नावाच्या सँडविचमध्ये हॅम असतं आणि कीश लोरेनमध्ये लार्दों. ‘सां पोर’ म्हणजे फक्त डुक्कर नाही, हलाल आहे असं नव्हे.

हलाल खाणं शोधायला फार फिरावं लागत नाही. गार द्यु नॉरच्या आसपास, बार्बेस आणि बेलव्हिल भागांत मुस्लिम वस्ती आणि दुकानं आहेत. दहाव्या विभागातल्या पासाज ब्रॅदीमध्ये भारतीय-पाकिस्तानी पद्धतीची हॉटेलं आहेत. मांस कुठलं आहे हे मात्र प्रत्येक ठिकाणी विचारा. दुकानात ‘एव्हीएस’ किंवा दुसऱ्या संस्थेचं हलाल प्रमाणपत्र लावलेलं असेल तर बघा.

घरून खाऊ न्यायचा तर चटणी, फरसाण, खजूर, सुका मेवा न्या. मांस आणि दुधाचे पदार्थ युरोपीय संघात बाहेरून नेता येत नाहीत, म्हणून खिमा किंवा पेढे बॅगेत भरू नका. रूममध्ये स्वयंपाकही करू नका, धुराचा अलार्म लगेच वाजतो.

पेहराव

रस्त्यावर, मेट्रोत, हॉटेलात हिजाबला बंदी नाही. चेहरा झाकायला मात्र ११ एप्रिल २०११ पासून सार्वजनिक ठिकाणी मनाई आहे आणि १५० युरोपर्यंत दंड होऊ शकतो. घरात कोणी नकाब घेत असेल तर हा विषय तिकीट काढण्याआधीच बोलून घ्या. विमानतळावर उतरल्यावर तो निर्णय त्या बाईवर एकटीवर टाकू नये.

रूममध्ये शिरल्यावर

बॅगा उघडण्याआधी गादीच्या कडा आणि शिवणी उचलून ढेकूण आहेत का बघा. काळे ठिपके दिसले तर लगेच दुसरी रूम मागा. शॉवरचं गरम पाणी, दाराचं कुलूप, जिन्याची वाट तपासा. रात्री काउंटर बंद होत असेल तर दाराचा कोड लिहून घ्या. आपले दोन पिनांचे चार्जर सहसा बसतात, तीन पिनांना ॲडॅप्टर लागतो. पासपोर्टची फोटोकॉपी वेगळ्या बॅगेत ठेवा. अडचणीत ११२ हा नंबर लावा.

आणि बुकिंगचं बटण दाबण्याआधी एकदा सगळे घरचे एकत्र बसा. माणसं किती, आजोबांना किती जिने चढवतात, नमाज कुठे होईल, जेवण कसं होईल, हे बोलून घ्या. ही उत्तरं मिळाली की रूम लहान असली तरी तक्रार राहत नाही. सफर आसान होवो.