आगबोटीवरचे पाहुणे आणि अंगणातला संकासुर



वसंतातल्या व्याख्यानाला इतिहासाचा विषय असला म्हणजे किल्ले, तह आणि बखरी यांची अपेक्षा असते. आपला रत्नदुर्ग इथून हाकेच्या अंतरावर आहे, तेव्हा ती अपेक्षा वावगी नाही. आज मात्र आम्ही आपणांस हसण्याच्या इतिहासातले एक पान दाखविणार आहोत. त्यासाठी आधी फार दूरच्या समुद्रावर जावे लागेल. पण परत येणे आपल्या अंगणातच आहे.

१९७७ च्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या एबीसी या दूरचित्रवाणी संस्थेने ‘द लव्ह बोट’ नावाची मालिका सुरू केली. ती १९८६ पर्यंत दर आठवड्याला चालली. तिचे मूळ जेराल्डिन सॉण्डर्स या बाईंच्या आठवणींच्या पुस्तकात होते. बाई स्वतः सहलीच्या बोटींवर प्रवाशांच्या करमणुकीची व्यवस्था पाहात असत. मालिकेतली बोट ‘पॅसिफिक प्रिन्सेस’. तिचा कप्तान, डॉक्टर, हिशेबनीस, मद्यगृहातला सेवक आणि करमणुकीची व्यवस्था पाहणारी तरुणी ही मंडळी जवळजवळ कायमची. प्रवासी मात्र दर खेपेस नवे, आणि ते बहुधा नामांकित नटनट्या. मूकपटांच्या काळातल्या लिलियन गिश आल्या, नृत्यपटांतल्या जिंजर रॉजर्स आल्या. एथेल मर्मन या प्रख्यात गायिका तर हिशेबनिसाची आई होऊन आल्या. टॉम हँक्स १९८० मध्ये आला, तेव्हा त्याला फारसे कोणी ओळखतही नव्हते.

प्रत्येक भागात साधारण तीन कथा असत. त्या वेगवेगळ्या लेखकांनी लिहाव्यात आणि मग वेणीच्या पेडांसारख्या एकत्र गुंफाव्यात, अशी पद्धत होती. एक कथा प्रेमाची, एक थोडी गंभीर, आणि एक निव्वळ गमतीची. या गमतीच्या कथेत बहुधा बोटीवरचाच कोणी नोकर अडकलेला असे. बोट बंदराला लागण्यापूर्वी तिन्ही गाठी सुटत. टीकाकारांनी नाके मुरडली, पण लोकांनी नऊ वर्षे ती पाहिली. बोट कुठे जाते याची कोणालाच फिकीर नव्हती. यंदा पाहुणा कोण आणि फजिती कोणाची, एवढेच पाहायचे.

ही रचना ऐकून कोकणातल्या माणसाला नवल वाटू नये. आपल्या दशावताराची बांधणी आठवा. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत दशावताराचा तो सारा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यातच होता. रात्रीच्या पूर्वार्धात ‘आडदशावतार’ होतो. गणपती येतो, ऋद्धिसिद्धी येतात, भटजी पूजा सांगताना लोकांना हसवितो, सरस्वती येते, आणि मग ब्रह्मदेवाचे वेद पळविणारा संकासुर काळ्या वेषात उभा राहतो. विष्णूच्या हातून तो मरणार हे सर्वांस ठाऊक असते, तसे ती बोट बंदराला लागणार हेही ठाऊक असते. मरण्यापूर्वी तो काय बोलतो ते ऐकायला लोक बसलेले असतात. मुख्य आख्यान त्यानंतर लागते आणि पहाटेपर्यंत चालते.

इकडे गुहागर, चिपळूण, दापोली या बाजूंच्या खेळ्यांतही संकासुर आहे. शिमग्यात तो उंच टोपी, पांढरी दाढी आणि कमरेला घुंगरू अशा थाटात घरोघर हिंडतो. लहान मुले त्याला पाहून आईच्या पदराआड दडतात, आणि त्याच मुलांच्या आया त्याला नवस बोलतात. वेद चोरणारा दैत्य गावाच्या नवसाला पावावा, ही गोष्ट पंडितांना पटणार नाही; आमच्या गावाला ती कधी खटकली नाही. नमनात गणपतीनंतर गवळण येते आणि तिथली मावशी कृष्णाला आणि पेंद्याला बोलून बोलून बेजार करते. तिलाही कथेत म्हटले तर काहीच काम नसते.

या काम नसलेल्या पात्रांनाच सर्वांत जास्त बोलण्याची मुभा असते. राजाचे भाषण पुराणाने बांधलेले; संकासुराचे आणि मावशीचे मोकळे. आम्ही लहान असताना एका शिमग्यात संकासुराने भर अंगणात यजमानालाच विचारले होते, “वेद मी चोरले म्हणतोस, मग पाणंदीची खडी कुणी रे चोरली?” यजमान गावचे मोठे प्रस्थ होते. सारे अंगण हसले, यजमानही हसले, आणि पुढच्या पावसाळ्याआधी पाणंदीवर खडी पडली. ग्रामसभेत ते वाक्य उच्चारण्याची कोणाची छाती झाली नसती. मालिकेतल्या बोटीवर हसण्याचा आवाज मागाहून ध्वनिफितीवरून जोडीत. आमच्या अंगणात हशा जोडता येत नाही. तो आला तर संकासुर बोलणे लांबवितो, न आला तर गुमान आवरते घेतो.

आता पाहुण्यांचे. अमेरिकेच्या पडद्यावर पाहुणा म्हणजे मोठा नट. आमच्या खेळ्यांत पाहुणा म्हणजे आमचाच चाकरमानी. गिरणगावातल्या गावकीच्या खोल्यांत राहणारा, पाळीवरून सुटल्यावर मृदंगाशी बसणारा हा माणूस फाल्गुनात भाऊच्या धक्क्यावरून आगबोट धरी. पावसाळ्यात ती वाहतूक बंद असे. शिमग्याला समुद्र निवळलेला असे. हर्णै, दाभोळ, जयगड करीत तो उतरे, आणि वर्षभर साच्यावर उभा राहिलेला माणूस चार रात्री विष्णू होई. ही बोट सुखाची सहल नव्हती. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे गेली. कोकणाने आपला विनोद बोटीवर न रचता अंगणात का रचला, याचे एक कारण यात असावे, असे आम्हांस वाटते.

पुढे १९८२ चा गिरणी संप झाला, खोल्या ओस पडू लागल्या. १९९८ पासून कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, येणे सोपे झाले. नमन मंडळे मुंबईच्या नाट्यगृहांत तिकीट लावून प्रयोग करू लागली. याचा आम्हांस आनंदच आहे. पण नाट्यगृहाच्या प्रयोगाला वेळेचे बंधन असते, आणि वेळ कमी पडला की पहिली कात्री लागते ती या आडकथेला.

‘पॅसिफिक प्रिन्सेस’ ही खरी बोट २०१३ मध्ये तुर्कस्तानात मोडीत निघाली. तिच्यावरच्या गमती मात्र चित्रफितींवर शाबूत आहेत. कोण पाहुणा कोणत्या भागात आला ते आजही सांगता येते. आमच्या संकासुराचे बोलणे मुळात लिहिलेलेच नसते. आख्यानांच्या कथा पुराणांत सापडतील. पण दुष्काळाच्या साली, संपाच्या साली, रस्ता न झालेल्या साली गावाला आपल्या मोठ्यांविषयी काय वाटत होते, ते त्या बोलण्यातच होते. दप्तरात तगाईचा आकडा मिळतो; सावकाराला गाव कशाने हसले ते मिळत नाही. एकेक जुना संकासुर जातो, आणि त्याबरोबर पन्नास शिमग्यांचे साधन जाते.

म्हणून आपणां शहरवासीयांस आमची एवढीच विनंती आहे. आपल्यापैकी पुष्कळांचे मूळ घर कुठल्या ना कुठल्या वाडीत आहे. येत्या शिमग्याला तिथे जा, आणि जुन्या संकासुराला मांडवात नव्हे, दुसऱ्या दिवशी त्याच्या ओटीवर गाठा. कोणत्या साली कोणाच्या अंगणात काय बोललास, हे त्याला विचारा आणि साल घालून वहीत उतरवून घ्या. तो आधी आढेवेढे घेईल. मग एकदा बोलू लागला म्हणजे तुम्हांला आवरणार नाही.